फाटक्या कोपऱ्याचं पाकीट

अंगण अर्धं सारवून झालं होतं. तुळशीपासून उंबऱ्यापर्यंत ओलं, पलीकडं कोरडं, आणि मी मधोमध उकिडवी, हात कोपरापर्यंत शेणात. तेवढ्यात फाटकाबाहेर बांगड्या वाजल्या. मनगटापासून दंडापर्यंत भरलेल्या बांगड्या आमच्या गावात कुणाच्याच हातात नाहीत. वरच्या तांड्याची रूपाबाई आली, हे मान वर न करताच कळलं.

"मास्तरीणबाई," ती फाटकाबाहेरूनच म्हणाली, "आमच्यातलं मेलं कोन, तुमच्या काई कानावर आलं का?"

"सकाळच्या पारी हे काय बोलणं गं? आज सोमवार आहे."

"सोमवार असू द्या न्हाईतर मंगळवार. कोन तरी मेलंय हे बराबर. पर कोन, त्येच गावंना. भाऊ साखऱ्याला. त्याच्या वेशीपासून गळा काढून गेले, तर भाऊ बाजंवर बसून भाकर खाऊन राहिला. भावजय म्हनती, काहून वो वन्सं, आमाला मारायला आल्या का?"

मला हसू येत होतं, पण तिचे सुजलेले डोळे बघून ते गिळलं. भावाकडून ती मावशीकडं गेली होती, मावशी नळावर भांडत होती. मेहुण्याकडं गेली, मेहुणा बाजारात बैल बघत होता. जिथं गेली तिथं रडत गेली आणि शिव्या खाऊन परत आली.

रूपाबाई माझ्याच वयाची. मी लग्न होऊन या गावात आले, त्याच साली तीही तांड्यावर नांदायला आली. तिच्या आजेसासऱ्यानं बैलांच्या पाठीवरून मीठ वाहिलं, सासऱ्यानं डोंगराच्या कडेला माळरान फोडलं, आणि हिनं त्या माळावर तूर पिकवून दाखवली. आश्विनात ती डोंगरातली सीताफळं घेऊन दारी यायची. भाव ठरवताना माझ्याशी भांडायची आणि जाताना एक फळ तुळशीपुढं ठेवून जायची. तिला वाचता येत नाही. नवरा लवकर गेला. लेक देविदास ट्रकवर क्लीनर, महिना महिना बाहेर. घरात ती आणि सून संगिता.

"पण कुणी मेलं हे कळलं कशावरून?" मी विचारलं.

"पत्र आलं की. कोपरा फाटका."

आमच्या भागात मयतीचं पत्र टाकताना त्याचा एक कोपरा फाडतात. तसलं पत्र घरात न्यायचं नाही. बाहेरच वाचून घ्यायचं, तिथंच फाडायचं आणि अंघोळ करूनच उंबरा ओलांडायचा. तांड्यात अक्षर वाचणारे थोडे, पण कोपरा सगळ्यांना वाचता येतो.

"मग आत काय लिहिलं होतं?"

"वाचनार कोन? संगिताच. तिला सातवा लागलाय. पोटुशीच्या हातात तसलं पत्र देऊ का? गिरणीवरून घेतलं, नाल्यावर आले, तुकडे करून पान्यात सोडले आन् डुबकी मारली."

"कार्डच होतं ना?"

"न्हाई. पाकीट. लांबडं, खाकी."

माझा हात शेणातच थांबला.

"अगं, खाकी पाकिटातून मयतीचं पत्र कोण धाडतं?"

"मला काय ठावं," रूपाबाई म्हणाली, "सरकार बी मरत असंल."

हिंगोली जिल्हा होऊन आता कुठं दोन पावसाळे झालेत. तांड्याला अंगणवाडी मंजूर झाली होती आणि ती मंजूर होण्यात रूपाबाईचा घाम होता. गावातली अंगणवाडी नाल्याच्या अलीकडं. पावसाळ्यात नाला भरला की तांड्याची लेकरं चार महिने घरी. नाला उतरला तरी गत तीच. लेकरं घरात गोरमाटी बोलणारी, बाई मराठीत गाणं म्हणणार, आणि लेकरं तिच्या तोंडाकडं बघत बसणार. रूपाबाईनं तालुक्याच्या अंगणवाड्या बघणाऱ्या म्याडमना दोनदा डोंगर चढायला लावला. दुसऱ्या खेपेला त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला, तर स्वतःच्या पायातली काढून दिली. अंगणवाडी मंजूर झाली, तेव्हा तिनं एकच धरून ठेवलं: तांड्याची बाई पाहिजे, लेकरांच्या बोलीत बोलणारी. तांड्यात दहावी झालेली एकच सून, संगिता. तिचा अर्ज मीच आमच्या ओसरीवर बसून भरून दिला. मुलाखतीचं पत्र येणार, खाकी पाकिटातून येणार, हे मी संगिताला सांगितलं होतं. रूपाबाईला सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

अंगण तसंच टाकलं. हात धुतले, देवाला नुसता दिवा दाखवला आणि आम्ही दोघी कळमनुरीच्या गाडीत बसलो. रूपाबाईला वाटेत सगळं सांगितलं. गाडी फाट्यावर आली तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी मी कुनासाठी रडले, मास्तरीण?"

म्याडमच्या हापिसातल्या बाबूंनी फाईल काढली. मुलाखत होऊन गेली होती. पत्रं टपालानं वेळेवर गेल्याची नोंद होती. तांड्याच्या जागेसाठी एकच उमेदवार हजर राहिली होती, आमच्याच गावातली पुजा. हरिचंद गिरणीवाल्याची सून. निवड तिचीच झाली होती.

इथं गिरणीचं सांगायला हवं. आमचा पोस्टमन कोंडीबा गावात घरोघर टपाल देतो, पण गुडघ्यांमुळं डोंगर चढत नाही. तांड्याचं टपाल तो हरिचंदच्या पिठाच्या गिरणीत ठेवतो. तिथं भिंतीला एक तार आहे, तिच्यात पत्रं टोचलेली असतात. तांड्याची माणसं दळायला येतात तेव्हा आपापलं पत्र शोधतात. वाचता न येणारा हरिचंदला विचारतो आणि हरिचंद काढून देतो. किती वर्षांची ही रीत. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

रूपाबाई हापिसातून निघाली ती थेट गिरणीवर. मी मागोमाग. पट्टा चालू होता, पिठाच्या धुरळ्यात बायांची रांग.

"हरिचंदभाऊ, पाकिटाचा कोपरा कोनी फाडला?" ती पट्ट्याच्या आवाजावर ओरडली.

हरिचंदनं चाळणी झटकली. "कोणतं पाकीट?"

"जे तू तुझ्या हातानं मला दिलं. देताना तोंड पाडून म्हनला, रूपाबाई, वाईट वाटून घेऊ नको."

"तारेला टोचलं की कोपरा फाटतोच. मी आपलं फाटकं पाहिलं आन् समजलो. उलट मी तुझं दुःख केलं, आन् तू माझ्यावर येऊन राहिली?"

"तार मधे भोक पाडते," मी म्हटलं. "कोपरा नाही तोडत."

"मास्तरीणबाई," तो हसून म्हणाला, "तुमी पोथी वाचा. तारेचं आमाला कळतं."

रांगेतल्या बायांनी डोक्यावरचे पदर सारखे केले आणि आपापल्या डब्यांकडं बघत राहिल्या. गावात गिरणी एकच.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे शाळेच्या वह्या तपासत होते. म्हणाले, "खरं आहे तुझं. पण उद्या दळण कुठं दळणार आहेस?" मी रागानं आत गेले. रात्रीची माळ ओढायला बसले तर तोंडात नागनाथाचं नाव आणि डोळ्यांपुढं हरिचंद. एक माळ वाया गेली म्हणून दुसरी घेतली, तीही तशीच गेली. देवा, असल्या माणसापायी माझा जप का नासवतोस, असं म्हणून तशीच उठले.

मी तक्रार लिहिली. रूपाबाईनं अंगठा उठवला आणि ती हिंगोलीच्या वरच्या पोस्टात जाऊन दिली. बऱ्याच दिवसांनी पोस्टाचे एक साहेब चौकशीला आले. माणूस सभ्य होता. कोंडीबाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि रूपाबाईला विचारायला लागले.

"पत्र तुमच्या हातात पडलं?"

"पडलं."

"मग हरवलं कसं?"

"हरवलं न्हाई. मी फाडलं."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हीच फाडलं?"

"कोपरा फाटका हुता साहेब. तसलं पत्र फाडायचंच असतं."

"कोपरा कोणी फाडताना पाहिलं?"

"पाहिलं असतं तर त्याचा हात धरला नसता का?"

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, पत्र चोरीला गेलं, उघडलं, दाबून ठेवलं, तर मला कारवाई करता येते. इथं पत्र पत्त्यावर पोचलंय. घेणारीनं घेतलंय. मी काय लिहू?"

"लिहा की," रूपाबाई म्हणाली, "पत्र न्हाई, कोपरा चोरला. कोपऱ्यानंच माझी सून हारली."

त्यांनी 'पत्र मिळाले' असंच लिहिलं. मी वाचलं ते. काय बोलणार, खोटं तर नव्हतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढं मात्र त्यांनी केलं, की कोंडीबाला बजावलं: टपाल गिरणीत ठेवायचं नाही. तांड्यापर्यंत जाता येत नसेल तर डोंगराच्या पायथ्याला कुलपाची पेटी बसवा आणि तिच्यात टाका. आणि मला म्हणाले, "महत्त्वाचं असेल तर पाठवणाऱ्याला रजिस्टरनं धाडायला सांगा. रजिस्टर ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात पडतं."

पेटी रूपाबाईनंच करवून आणली. कळमनुरीत जमील पत्र्याच्या पेट्या करतो. त्यानं विचारलं, केवढी पाहिजे? हिनं माझ्याकडून नेलेलं पोस्टकार्ड दाखवलं. एवढंच पत्र असतं, म्हणाली. जमीलनं माप घेऊन छान पेटी केली, वर पावसासाठी छप्पर केलं, आणि त्या खटपटीत पेटी कार्डाएवढीच खोल झाली. डोंगराच्या पायथ्याला बाभळीच्या बुंध्याला ती बसवली. किल्ली रूपाबाईनं गळ्यातल्या नाण्यांच्या माळेत ओवली. आम्ही दोघींनी नारळ फोडला. मी पेटीला हळदकुंकू लावलं. हरिचंद सायकलवरून जाताना म्हणाला, "काय मास्तरीण, नवा देव बसवला का?"

"हा देव नवसाला पावत न्हाई," रूपाबाई म्हणाली, "चोराला पावतो."

तरी खरी अडचण पेटीनं सुटणार नव्हती, हे रूपाबाईला माझ्याआधी कळलं. तिनं नायकाकडं, म्हणजे तांड्याचा कारभार बघणाऱ्या देवलाकडं, बैठक लावली. मीही गेले होते. तिनं उभं राहून सांगितलं, की आजपासून तांड्यात फाटका कोपरा मानायचा नाही. कोपरा फाटका असो की धड असो, पत्र घरात न्यायचं आणि वाचून घ्यायचं.

म्हाताऱ्या बाया उसळल्या. "मग मेलेलं कळायचं कसं?"

"मानूस यील सांगायला."

"आन् न्हाई आला तर?"

"तर जिवंत हाय समजा. मी साखऱ्याला जाऊन पाहून आले, फाटक्या कोपऱ्यानं कोनी मरत न्हाई."

देवला नायकानं हातातली बिडी विझवली. मग म्हणाला, "रीत मोडायची तकलीफ होतीच. पर रीत दुसऱ्याच्या हातात गेली, तर मोडलेलीच बरी." ठरलं. एक म्हातारी मात्र उठून जाताना पुटपुटली, की हिच्या सुनेच्या नोकरीपायी आता मेलेली बी जिवंत राहणार.

इकडं संगिताच्या वतीनं मी म्याडमकडं हरकत घेतली होती. संगिता नवव्यात बाळंतपणाला माहेरी गेली, डोंगरकड्याच्या तांड्यावर. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, याडीला सांगा, जाऊ द्या आता. गावभर भांडण झालं." याडी म्हणजे आई, सासूला ती तसंच म्हणते. मी सांगितलं. रूपाबाई म्हणाली, "जाऊ द्यायला ते काय माझ्या एकटीचं हाय? लेकरांचं हाय."

आणि मग सुनावणीची नोटीस आली. लांब खाकी पाकिटातून, आणखी कशातून येणार! कोंडीबानं इमानानं पेटीत टाकलं. पण कार्डाएवढ्या पेटीत लांब पाकीट निम्मं आत गेलं, निम्मं बाहेर लोंबत राहिलं. रूपाबाई संध्याकाळी किल्ली घेऊन गेली, तेव्हा त्याचा वरचा कोपरा नव्हता. बाभळीखाली शेळ्या चरतात. गिरणीची वाटही तिथूनच जाते. शेळीनं खाल्ला की माणसानं फाडला, देव जाणे. ती पाकीट छातीशी धरून आमच्या घरी आली, फाटकाशी क्षणभर थांबली, आणि मग उंबरा ओलांडून सरळ देवघरापर्यंत आली.

"वाचा," म्हणाली. पाकीट माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हात पदराला पुसले. एवढं धीट बोलणारी, पण रीत हाताला इतक्या लवकर सोडत नाही. मी वाचलं. तारीख कोपऱ्यात नव्हती, मधे होती. नागनाथा, तुझे उपकार.

सुनावणीला रूपाबाई, मी आणि कोंडीबा गेलो. तिकडून हरिचंद आणि पुजा. म्याडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. हरिचंद म्हणाला, "हिनं स्वतः फाडलंय, म्याडम. स्वतः कबूल केलंय पोस्टाच्या साहेबापुढं. तिच्या अडाणीपणाची सजा माझ्या सुनेनं काहून भोगायची?"

ते ऐकून रूपाबाई उठली. "मी अडानी हाय. म्हनूनच तर तुला कोपरा पुरला. शिकलेली असते तर तुला सगळं पत्र चोरावं लागलं असतं."

"बघा, चोर म्हणून राहिली!"

"बसा दोघं," म्याडम म्हणाल्या. त्यांनी पुजाला विचारलं, "रोज डोंगर चढून जाशील का गं?" पुजानं सासऱ्याकडं एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पावसाळ्यात नाला असतो ना म्याडम." हरिचंदनं कपाळाला हात लावला.

मला वाटलं, जिंकलो. पण पुजाची निवड रद्द झाली, तरी जागा संगिताला मिळाली नाही. म्याडमनी ठरवलं, मुलाखत नव्यानं, दोघींनाही पुन्हा पत्रं जातील. या खेपेला रजिस्टरनं, मीच तसं मागितलं. रूपाबाई जिन्यावर बसली. "म्हंजी पुन्हा पत्रच?"

"रजिस्टरनं. आता कुणी हात लावणार नाही."

"पुन्हा पत्रच," ती म्हणाली.

काल ते रजिस्टर आलं. पेटीत नाही, गिरणीत नाही. कोंडीबा गुडघे धरत, काठी टेकत खुद्द तांड्यावर गेला. पहिल्यांदाच गेला म्हणे. रूपाबाईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला. आणि त्यानं पिशवीतून पाकीट काढून विचारलं, "संगिता कुठाय? तिचीच सही पाहिजे."

"ती माहेरी बाळंतीन हाय. मला द्या."

"तुला देता येत न्हाई. तुमीच तक्रार केली ना, ज्याचं त्याच्याच हातात द्या म्हणून? साहेबानं मला तसंच बजावलंय."

"अरे, मी तिची सासू!"

"सासू बी दुसरी माणूसच."

त्यानं पाकीट परत पिशवीत घातलं. रूपाबाईच्या डोळ्यांदेखत. चारी कोपरे धड होते, ती मला सांगत होती, चारी कोपरे धड आणि तरी हातात नाही. संगिता आली नाही, तर काही दिवस पोस्टात राहील आणि पाठवणाऱ्याकडं परत जाईल. कुलूप आम्हीच मागितलं आणि कुलूप आमच्याच दाराला लागलं. मी ह्यांना म्हटलं, असा कायदा असतो का? हे म्हणाले, असतो, आणि तो तूच मागून घेतलास. मी ताटावरून उठले.

आज दुपारी रूपाबाई आली, ती ठरवूनच. मी म्हटलं, "अगं, सव्वा महिना झाला नाही. ओली बाळंतीण, एवढंसं लेकरू, गाडीतून आणणार? विटाळ आहे, वारं आहे. देवाला तरी भी."

"देवाला मी सांगितलंय," ती म्हणाली. "देव समजून घेतो. कोंडीबा समजून घेत न्हाई."

मी तरी बराच वाद घातला. मग आत जाऊन जुनं धाबळीचं पांघरूण काढलं, लेकराच्या कानाला बांधायला फडकं दिलं आणि थोडा ओवा पुडीत बांधला. ती पुडी कनवटीला लावून निघाली. जाताना एकदाही वळून बघितलं नाही. तिला राग माझा नव्हता, पण दाखवणार कुणावर?

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं रूपाबाई डोंगरकड्याच्या तांड्यावर जाणार आहे, संगिताला आणि तिच्या लेकराला घेऊन यायला.